गाडीच्या इंजिनसाठी चांगला ऑइल फिल्टर कसा निवडावा?



गाळण शिकवताना आपण वर्गात चहाच्या गाळणीचं उदाहरण देतो. तशीच एक गाळणी आपल्या गाडीतही असते, ती म्हणजे ऑइल फिल्टर. किंमत काहीशे रुपये, पण महागडं इंजिन त्याच्या भरवशावर चालतं.

फिल्टर काय करतो?
इंजिन चालताना ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस, काजळी आणि धूळ मिसळते. पंप हे ऑइल फिल्टरमधून ढकलतो आणि मगच ते बेअरिंगपर्यंत पोहोचतं. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. चांगला फिल्टर 20 ते 30 मायक्रॉनचे बहुतेक कण अडवतो.

जितकी बारीक गाळणी, तितकी चांगली का?
मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. गढूळ पाणी फडक्यातून ओता. भराभर खाली येईल, पण गढूळच. तेच गाळण कागदातून ओता. स्वच्छ येईल, पण थेंब थेंब. इंजिनला स्वच्छ ऑइल हवं आणि तेही भरपूर, लगेच हवं. म्हणून फिल्टरमधल्या कागदाला घड्या घालतात. डबा तेवढाच, पण गाळणारं क्षेत्रफळ कितीतरी वाढतं.

हलक्या फिल्टरमध्ये कागद कमी असेल तर तो लवकर तुंबतो. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात जातं. कारण ऑइल अजिबात न मिळणं त्याहून वाईट. गाडी नेहमीसारखी चालते, आपल्याला कळतही नाही, आणि आत झीज सुरू असते. खरा धोका हाच.

निवडताना काय पाहावं?
1. गाडीच्या मॅन्युअलमधला पार्ट नंबर जुळवा. आटे सारखे असले तरी आतल्या बायपास व्हॉल्व्हचा दाब वेगळा असू शकतो. "बसतोय ना, मग चालेल" असं म्हणू नका.
2. कागदी फिल्टर नेहमीच्या वापराला पुरतो. सिंथेटिक फिल्टर महाग असतो, पण सहसा जास्त घाण धरतो.
3. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर आत ऑइल रोखून धरणारा रबरी पडदा हवा. नाहीतर सकाळी गाडी सुरू करताना ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो. सिलिकॉनचा पडदा उष्णतेत जास्त टिकतो.
4. नकली मालापासून सावध राहा. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिल मागा.

बदलताना
ऑइल बदललं की फिल्टरही बदला. किती किलोमीटरनंतर, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जुना रबरी वॉशर इंजिनला चिकटून राहिला नाही ना, ते मेकॅनिकला बघायला सांगा. त्यावरच नवा बसवला तर ऑइल गळतं. काम झाल्यावर इंजिन सुरू करून खाली गळती आहे का, ते पाहा. आणि गाडी चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

जुना फिल्टर मिळाला तर मेकॅनिककडून कापून, ऑइल निथळून वर्गात दाखवा. घड्यांमध्ये अडकलेली काजळी पाहिली की गाळण म्हणजे काय, हे मुलं विसरणार नाहीत.