क्लबचा माणूस

फुटबॉलमध्ये महान खेळाडू होणे आणि क्लबचा लेजंड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मान कौशल्यावर मिळतो आणि जगभर चालतो. दुसरा मान एका गावातले, एका रंगाची जर्सी घालणारे लोक देतात, आणि त्या गावाबाहेर तो चालेलच असे नाही. होजे रामिरेझ बारेटो हे याचे चांगले उदाहरण. हा ब्राझीलचा आघाडीपटू १९९९ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला, मध्ये काही काळ बाहेर पडला, मग परतला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. हिरव्या-मरून जर्सीवरून बागानच्या चाहत्यांनी त्याचे नाव ‘सबुज तोता’, म्हणजे हिरवा पोपट, ठेवले. मधल्या काळात तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडूनही खेळला होता. माणूस तोच आणि खेळही तोच, तरी मुंबईने त्याला असे लाडाचे नाव काही दिले नाही.

लेजंड ठरण्याची पहिली अट म्हणून बहुतेक जण निष्ठा सांगतात. पाओलो मालदिनी १९८५ ते २००९ या काळात एसी मिलानसाठी ९०२ सामने खेळला. फ्रान्चेस्को तोत्ती रोमाकडून ७८६ सामने खेळला, आणि त्या २४ वर्षांत क्लबला इटालियन लीगचे विजेतेपद फक्त एकदा, २००१ मध्ये मिळाले. भारतात चुनी गोस्वामींचे नाव घेतले जाते. त्यांची सारी क्लब कारकीर्द, १९५४ ते १९६८, मोहन बागानमध्येच गेली. 

मात्र नुसती वर्षे मोजून निष्ठेचा हिशेब लागत नाही. युरोपात १९९५ पर्यंत करार संपला तरी खेळाडूला क्लब सहज सोडता येत नसे. नवा क्लब पैसे मोजेल तेव्हाच जुना क्लब त्याला सोडी. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने हा जाच मोडला. म्हणजे त्याआधीच्या अनेक ‘एकाच क्लबच्या’ खेळाडूंच्या निष्ठेत थोडी सक्तीही मिसळलेली होती. आपल्याकडे सक्तीची जागा नोकरीने घेतली होती. पी. के. बॅनर्जी इतके मोठे खेळाडू असूनही मोहन बागान किंवा ईस्ट बेंगालकडे गेले नाहीत, ईस्टर्न रेल्वेतच राहिले. मुंबईतही गिरण्या, कंपन्या, बँका आणि सरकारी खाती खेळाडूला पगारावर ठेवत, आणि मैदान सुटले तरी टेबल सुटत नसे. यात कमीपणा काही नाही. पण जाण्याची वाट मोकळी असताना राहिलेल्या माणसाचे वजन वेगळे, हे मान्य करावे लागते.

म्हणून खरी परीक्षा वाईट दिवसांत होते. २००६ मध्ये सामन्यांच्या पंचांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात इटलीच्या युव्हेन्टसला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. फाबियो कान्नावारो आणि झ्लाटान इब्राहिमोविच निघून गेले. आलेस्सांद्रो देल पिएरो आणि जानलुइजी बुफॉन राहिले, तेही नुकताच विश्वचषक जिंकून आलेले असताना. युव्हेन्टसच्या चाहत्यांना त्या दोघांची त्यानंतरची विजेतेपदे आठवतात, पण दुसऱ्या श्रेणीतला तो हंगाम जास्त आठवतो. उलट टोकाला लुइस फिगो. २००० मध्ये तो बार्सिलोना सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदकडे गेला आणि बार्सिलोनातली त्याची पाच वर्षांची पुण्याई एका सहीने संपली. लेजंडपण मिळायला दशक लागते, जायला एक उन्हाळा पुरतो.

विजेतेपदे लागतातच असेही नाही. मॅथ्यू ले टिसिए सोळा वर्षे साउदॅम्प्टनकडून खेळला आणि एकही मोठा चषक न जिंकता निवृत्त झाला. तरी त्या बंदराच्या शहरात त्याच्याएवढा मान क्वचितच कुणाला मिळाला असेल. दिएगो मॅराडोना नेपल्समध्ये जेमतेम सात वर्षे होता आणि परदेशी होता. पण उत्तरेच्या श्रीमंत शहरांनी हिणवलेल्या या दक्षिणेकडच्या शहराला त्याने १९८७ आणि १९९० मध्ये लीग जिंकून दिली. त्या शहराची सल काय आहे हे ज्याला कळते आणि जो मैदानात तिचे उत्तर देतो, तो तिथलाच होतो.

मराठी मुलखाच्या जवळ या मानाला सर्वांत पात्र दिसतात ते गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर. १९५४ मध्ये ताळगाव येथे जन्मलेले संखवाळकर कारकिर्दीचा मोठा भाग साळगावकर क्लबमध्ये राहिले. भारताचे कर्णधारपद, गोव्यासाठी संतोष चषक, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ची पद्मश्री ही त्यांची बाहेरची ओळख. गोव्यात मात्र ब्रह्मानंद म्हटले की साळगावकरच्या गोलपोस्टमधली ती आकृतीच डोळ्यांपुढे येते. गोलरक्षकाचे काम तसे उपेक्षेचे. आघाडीपटूचा गोल वर्षानुवर्षे सांगितला जातो, अडवलेला चेंडू संध्याकाळपर्यंत विसरला जातो. त्या जागेवरून क्लबचे नाव स्वतःशी जोडून घेणे त्यामुळे अधिक कठीण.

गोव्याचीच दुसरी पिढी धेंपो क्लबची. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो आणि क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स ही घरची मंडळी यांच्यावर तो संघ उभा होता. त्याच संघातून सुनील छेत्रीही खेळून गेला. पण तो लेजंड झाला बेंगळुरूचा, कारण २०१३ मध्ये क्लब जन्मला तेव्हापासून तो तिथे होता आणि तिथल्या चाहत्यांच्या साऱ्या आठवणी त्याच्यापासून सुरू होतात.

इथे एक अट पुढे येते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लेजंड व्हायला खेळाडूने टिकावे लागते तसे क्लबनेही टिकावे लागते. महिंद्र युनायटेडची मुळे १९६२ मधल्या कंपनीच्या संघात होती. २००५-०६ मध्ये हा क्लब राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. मफतलाल, ओर्के यांचे संघ त्याआधीच गेले होते. १८९० च्या दशकापासून मुंबईत खेळला जाणारा रोव्हर्स चषकही या शतकाच्या सुरुवातीला थांबला. त्या संघांचे उत्तम खेळाडू आहेत. पण त्यांना आपले म्हणणारी गॅलरी उरलेली नाही. २०१६ मध्ये साळगावकर आणि धेंपो आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले तेव्हा गोव्यावरही तीच पाळी येते की काय असे वाटले. धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला.

कोल्हापूरने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथले संघ कंपन्यांचे नाहीत, तालमी आणि पेठांचे आहेत: पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. मालकाने संघ बंद करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मालक म्हणजे अख्खी पेठ. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की शहराचे काम मंदावते. हुल्लडबाजीमुळे पोलिसांना मध्ये पडावे लागते, हेही तितकेच खरे. इथला लेजंड देशाला माहीत नसतो. तो रोज त्याच गल्लीतून जातो, चहाच्या टपरीवर त्याच्याच गोलवर वाद चालतो, आणि त्याचा मुलगा त्याच तालमीत उतरेल अशी अपेक्षा लोक उघड बोलून दाखवतात. अलीकडे तालमीही बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणू लागल्या आहेत. त्यांतला एखादा आवडता होतो. पण पेठेने त्याला आपला म्हणण्याआधी तो सहसा निघून गेलेला असतो.

विदर्भात फुटबॉलची जुनी वस्ती नागपूर-कामठीकडे आहे. तिच्यापासून दूर बुलढाणा जिल्ह्यात, मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी तरुण क्लब निवडतो तो मोबाइलच्या पडद्यावरून, आणि बहुधा खेळाडूमागे क्लब बदलतो: मेस्सी गेला की बार्सिलोनाही गेली. कोल्हापूरच्या पेठेत क्रम नेमका उलटा असतो. तालीम जन्माने मिळते आणि खेळाडू तिच्यात येऊन जातात. दुसऱ्या क्रमातूनच लेजंड तयार होतात.

क्लब हा मान कसा नोंदवतात तेही पाहण्यासारखे आहे. नेपल्सने मॅराडोनाचा दहा क्रमांक निवृत्त केला. मिलानने मालदिनीचा तीन क्रमांक थांबवला, पण त्याच्या मुलांसाठी सवलत ठेवली. कोलकात्यात मोहन बागानचे जुने बचावपटू गोष्ठ पाल यांचा पुतळा उभा आहे. १९११ मध्ये इंग्रज संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकल्याचा दिवस, २९ जुलै, मोहन बागान आपला दिन म्हणून पाळतो आणि त्या दिवशी ‘मोहन बागान रत्न’ देतो. २००१ मध्ये पहिला मान क्लबचे माजी खेळाडू शैलेन मन्ना यांना मिळाला.