शीतयंत्रांची दुरुस्ती : परवाना कोठे, प्रमाणपत्र कोठे?

डोंगरदऱ्यांनी व वनांनी वेढलेले माहूर जिल्ह्याच्या ठिकाणापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. अशा भागात आरोग्य केंद्रातील लसींचे शीतयंत्र बंद पडल्यास जाणकार कारागीर वेळेवर मिळणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. नियमित लसीकरणातील लसी केंद्रावर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्यांचा प्रभाव नष्ट होतो. धनुर्वातासारख्या काही लसी गोठल्यानेही निकामी होतात. म्हणूनच हे काम कोणाकडे सोपवावे, याची माहिती कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांना असणे अगत्याचे आहे.

विजेचे काम

वातानुकूलन यंत्र अथवा पाणी तापविण्याचे यंत्र बसविताना नवी वीजजोडणी व भूसंपर्कन करावे लागते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ अन्वये असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घेणे बंधनकारक होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० व त्यानंतर २०२३ च्या विनियमांतही हेच तत्त्व कायम आहे. मांडणीची क्षमता न बदलता दिवा, पंखा वा फ्यूज बदलणे यांस मात्र सूट आहे.

शीतवायूचे काम

वायू भरणाऱ्या कारागिरासाठी देशात असा स्वतंत्र सक्तीचा परवाना नाही. तेथे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाच आधार होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या व्यवसायाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण उमेदवारांना प्रवेश मिळतो. केंद्र शासनाच्या २०१९ च्या शीतलन कृती आराखड्यातही एक लाख तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व प्रमाणीकरण हे उद्दिष्ट होते.

सक्ती नसली तरी प्रशिक्षणाची गरज मोठी आहे. जुन्या वातानुकूलन यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थरास घातक आहे. १९८७ च्या माँट्रिअल करारात भारत १९९२ साली सहभागी झाला. त्यानुसार अशा वायूंचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपुष्टात आणावयाचा आहे. नव्या घरगुती शीतकपाटांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. तो ओळखता न येणाऱ्याने नळी जोडण्यासाठी ज्योत पेटविल्यास अपघात संभवतो.

सारांश, तारेचे काम देताना परवान्याचा क्रमांक व मुदत पाहावी, वायूचे काम देताना प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पाहावे आणि दोहोंची नोंद कामाच्या आदेशात करावी. गावातील दहावी उत्तीर्ण तरुणांना या व्यवसायाकडे वळविल्यास दुर्गम भागातील यंत्रांना जवळचा कारागीर लाभेल.