निरोप्या हाडापर्यंत पोचतो का?

‘वजन उतरवणारं नवं इंजेक्शन म्हणजे कोविड लशीचंच तंत्र. जनुकं बदलतं ते.’ एका दमात सांगितलेले हे दोन गैरसमज आहेत. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही बाजारातली इंजेक्शनं संप्रेरकांची नक्कल करणारी पेप्टाइडं आहेत. त्यांत काही कोविड लशींत असतो तो एमआरएनए, म्हणजे निरोप्या आरएनए, नसतो. लठ्ठपणा किंवा हाडांचा ठिसूळपणा यांवर मान्यता मिळालेलं एमआरएनए औषध अजून एकही नाही. कोणी ते विकत असेल, तर कृपा करून पैसे देऊ नका.

आणि जनुकं? ती पेशीच्या केंद्रकात असतात. एमआरएनए केंद्रकाबाहेरच थांबतो, अमुक प्रथिन बनवा एवढा निरोप देतो आणि काही तासांत किंवा दिवसांत मोडून जातो. लशीला तेवढं पुरतं. लठ्ठपणा वर्षानुवर्षांचा, म्हणजे डोसही पुन्हा पुन्हा लागणार. उणे सत्तर अंशांच्या फ्रीझरचा बाऊ मात्र नको: पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने २०२२मध्ये आणलेली एमआरएनए लस साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकते.

‘नॅनोकण म्हणजे धातूचा चुरा’ हेही खरं नाही. एमआरएनए ज्यांत गुंडाळून देतात ते कण स्निग्ध पदार्थांचे असतात, कोलेस्टेरॉलसकट चार प्रकारच्या. आकार केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा.

सर्वांत मोठा गैरसमज मला वेगळाच वाटतो: हे कण हवं तिथे नेमके जातात, हा. शिरेतून दिले की रक्तातलं एपोई नावाचं प्रथिन त्यांना चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्यांना ओढून घेतात. लठ्ठपणासाठी ही सोयच आहे. चयापचय सुधारणारं एफजीएफ-२१ हे प्रथिन मुख्यतः यकृतातच बनतं. निरोप तिथे पोचला की ते जास्त बनतं आणि रक्तातून सगळीकडे जातं. उंदरांमध्ये या वाटेने प्रयोग झाले आहेत. पण याच प्रथिनाने उंदरांची हाडं विरळ झाल्याचं २०१२च्या एका अभ्यासात दिसलं. मज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून चरबीची पेशीही होते आणि हाड बांधणारीही. तिचा कल चरबीकडे झुकला होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही, म्हणून हा वाद मिटलेला नाही.

हाड गाठायचं तर सध्या जवळची वाट बरी. २०२२मध्ये संशोधकांनी बीएमपी-२ या प्रथिनाचा एमआरएनए उंदरासारख्याच, पण मोठ्या रॅटच्या मांडीच्या हाडातल्या फटीत थेट ठेवला आणि हाड सांधलं.

‘जाड माणसाची हाडं दणकट’ हे अर्धसत्य. भाराने हाडांची घनता वाढते खरी, पण रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या २०११च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लठ्ठ स्त्रियांचे घोटे आणि मांडीची हाडं जास्त मोडलेली आढळली, मनगटं कमी. वजन उतरतानाही हाड झिजतं. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या चाचणीत नुसत्या लिराग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधावर असलेल्यांच्या खुब्याची आणि कण्याची घनता घटली. औषधाबरोबर व्यायाम करणाऱ्यांचं वजन सर्वांत जास्त उतरलं, तरी हाडं टिकली.