बोटीच्या एवढ्याशा मोटरला सर्किट ब्रेकर कशाला लागतो?

अमेरिकेतलं मिनेसोटा ओळखलं जातं 'दहा हजार तळ्यांचं राज्य' म्हणून. तिथे गळ टाकून मासे पकडणं हा अनेकांचा आवडता छंद. पण मोठ्या इंजिनाच्या आवाजाने मासे बिचकतात. म्हणून बोटीला बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर लावतात. हीच ट्रोलिंग मोटर.

छोटी मोटर, मोठा करंट

दिसायला छोटी असली तरी 12 व्होल्टची, 55 पौंड थ्रस्टची मोटर फुल स्पीडला साधारण 50 अँपिअर करंट ओढते. तुलनेसाठी सांगायचं तर घरातला 2000 वॅटचा गिझर जेमतेम 9 अँपिअर घेतो.

मग गडबड कुठे होते?

तळ्यातलं शेवाळ किंवा गळाची दोरी पंख्यात अडकते आणि मोटर जाम होते. फिरती मोटर स्वतःच करंटला विरोध करत असते. ती थांबली की हा विरोध संपतो आणि करंट एकदम वाढतो. करंट दुप्पट झाला तर वायरमधली उष्णता चौपट होते. वरचं प्लास्टिक वितळून दोन वायरी चिकटल्या, तर बॅटरी क्षणात हजारभर अँपिअर सोडू शकते. मग आग लागते, आणि पाण्याच्या मधोमध पळायला जागा नसते.

अशा वेळी ब्रेकर पडतो आणि करंट तुटतो.

किती अँपिअरचा घ्यायचा?

मोटर जास्तीत जास्त जेवढा करंट घेते, त्याच्या थोडा वरचा. 50 अँपिअरच्या मोटरला सहसा 60 चा. वायरही तेवढा करंट पेलेल इतकी जाड हवी, कारण ब्रेकर मुख्यतः वायरला वाचवतो. सारखा पडतो म्हणून 60 च्या जागी 100 चा बसवला, तर ब्रेकर शांत राहील आणि वायर जळेल.

बसवायचा कुठे?

पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या जवळ. ब्रेकर आणि बॅटरीमधल्या वायरला संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकं बरं. बोटींची सुरक्षा मानकं ठरवणारी अमेरिकेतली एबीवायसी ही संस्था साधारण 7 इंचांची मर्यादा सांगते. वायर नळीतून नेली असेल तर थोडी सूट मिळते.

घरातला एमसीबी चालेल का?

नाही. घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तुटताना उडणारी ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येत नाही, ठिणगी पेटती राहू शकते. त्यामुळे ब्रेकर डीसीसाठी बनवलेलाच हवा. बोटीत पेट्रोलची टाकी असेल तर बाहेर ठिणगी न पडू देणारा.

आणि ब्रेकर पडलाच तर?

लगेच बटण दाबू नका. आधी मोटर बंद करा, पंखा वर घ्या, शेवाळ काढा. कुठे वायर सैल किंवा गरम झाली आहे का, तेही बघा. कारण सापडलं, की मगच ब्रेकर परत चालू करा.