लोहकिसाची भिंत

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवला, की काही वेळाने त्याच्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिका होत जातो. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतात. ते इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन धातूच्या रूपात बाहेर पडतात. आपण वर्गात दाखवतो ती हीच अभिक्रिया. लोखंडाच्या या गुणाचा उपयोग जमिनीखालचे दूषित पाणी सुधारण्यासाठीही होतो. कसा, ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू या.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाचा तळ आहे. तेथे धातूच्या भागांना क्रोमियमचा मुलामा देण्याचा विभाग होता. तो १९८४ साली बंद झाला. पुढे १९८८ मध्ये असे आढळले, की काँक्रीटच्या जमिनीला पडलेल्या भोकातून क्रोमिक आम्ल खालच्या मातीत झिरपत होते. तिथले भूजल जवळच्या पास्क्वोटँक नदीकडे वाहत होते.

एकच मूलद्रव्य, दोन स्वभाव

क्रोमियम निसर्गात मुख्यतः दोन रूपांत आढळते. संयुजा ६ असताना ते क्रोमेट आयनाच्या रूपात पाण्यात सहज विरघळते. या आयनावर ऋण प्रभार असतो. मातीतील चिकणमातीच्या कणांवरही बहुधा ऋण प्रभारच असतो, त्यामुळे माती त्याला फारशी धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर दूरवर जाते. हे रूप विषारी आणि कर्करोगकारक आहे. संयुजा ३ असलेले क्रोमियम मात्र पुष्कळच कमी घातक असते. आम्लधर्मी नसलेल्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. हायड्रॉक्साइडच्या अवक्षेपाच्या रूपात मातीतच बसून राहते.

म्हणजे क्रोमियमच्या प्रत्येक अणूला तीन इलेक्ट्रॉन दिले, की काम झाले! लोखंडाचा एक अणू तीन इलेक्ट्रॉन देऊ शकतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात.

पाणी उपसायचे, की वाटेत अडवायचे?

दूषित भूजल पंपाने वर काढून शुद्ध करणे ही जुनी पद्धत. तिच्यात वर्षानुवर्षे वीज आणि पैसा खर्च होतो, आणि मातीच्या कणांना चिकटलेले द्रव्य हळूहळू पुन्हा पाण्यात उतरत राहते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट दाखवली. भूजलाचे नमुने घेण्याच्या साधनांसाठी कोणते पदार्थ योग्य, हे तपासताना काही धातूंच्या सान्निध्यात क्लोरीनयुक्त द्रावकांचे प्रमाण घटते, असे तेथे दिसून आले होते. त्यावरून १९९१ साली बोर्डन येथे लोहकीस आणि वाळू यांची भिंत जमिनीत उभारून पाहण्यात आली.

एलिझाबेथ सिटीला जून १९९६ मध्ये अशी भिंत बांधली गेली. लांबी ४६ मीटर, खोली सुमारे ७ मीटर आणि जाडी फक्त ०.६ मीटर. ती पाणी अडवत नाही. पाणी तिच्यातून आरपार जाते. तिथले भूजल दिवसाला साधारण १० ते २० सेंटीमीटर सरकते. भिंत ओलांडायला त्याला तीन ते सहा दिवस लागतात, आणि अभिक्रियेला तेवढा वेळ पुरतो. भिंतीपूर्वी लिटरला काही मिलिग्रॅम असलेले क्रोमेट भिंतीनंतर ०.०१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी झाले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातील एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे, हे येथे लक्षात घ्यावे. त्याच पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हा द्रावकही होता. लोखंड त्यातील क्लोरीन काढून घेते आणि मुख्यतः एथिलीन व एथेन उरतात. पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीतही ही भिंत क्रोमेट रोखत असल्याचे दिसले.

मर्यादा कोणत्या?

लोखंड गंजताना पाणी अल्कधर्मी होते, कार्बोनेटचे क्षार साचतात आणि कालांतराने छिद्रे बुजू लागतात. शिवाय अशी भिंत वाळू-मातीच्या थरात खणता येते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा. येथे पाणी कातळाच्या भेगांमधून वाहते, त्यामुळे त्याची वाट नेमकी ओळखून तिथे भिंत घालणे अवघड ठरते. अशा वेळी क्षपण करणारे द्रावण विहिरींतून आत सोडण्यासारखे दुसरे उपाय शोधावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रोमियम नष्ट झालेले नाही. त्याचे फक्त रूप बदलले आहे. मातीतील मँगनीज डायऑक्साइड त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण करू शकतो. म्हणून पाण्याची नियमित तपासणी करत राहणे भाग असते. शिवाय गळतीच्या जागची माती तशीच राहिली, तर भिंतीकडे नवे विष येतच राहते.

वर्गात हे दाखवायचे असेल, तर प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगाव्यात. तोंडाशी कापूस बसवून एकीत नुसती वाळू, दुसरीत वाळूच्या दोन थरांमध्ये लोहकिसाचा थर भरावा. वरून मोरचुदाचे अगदी पातळ द्रावण थेंब थेंब सोडावे. नंतर तेच भराभर ओतून पाहावे. खाली आलेल्या द्रावणांच्या रंगात काय फरक पडतो? क्रोमियमची संयुगे मात्र या प्रयोगासाठी मुळीच वापरू नयेत.

प्रयोग संपल्यावर विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: बाटलीत अडकलेले तांबे आणि उरलेले द्रावण आता कुठे टाकायचे? शाळेच्या बागेत नको, हे उत्तर त्यांच्याकडूनच यायला हवे.