झिजण्यासाठी लावलेला थर

आमच्या घरची पहिली मोटार पाडव्याच्या सकाळी सांगलीच्या गणपती मंदिरापुढे उभी राहिली तेव्हा आईने तिच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक रेखले, त्याभोवती हळदीची बोटे ओढली, चाकांखाली लिंबे ठेवविली, नारळ वाढवून त्याचे पाणी पुढच्या चाकांवर शिंपडले. आणि सारी मंडळी पेढे वाटण्यात गुंतली असता चैत्रातल्या उन्हाने ते स्वस्तिक दोन-तीन दिवसांत रंगाच्या अंतरंगात असे मुरविले की पुढे ती मोटार विकीपर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, तिरप्या प्रकाशात त्याची पुसट आकृती दिसत राहिली. घरात कोणाला त्याची खंत नव्हती. ते शुभचिन्ह होते. मला मात्र तेव्हापासून एक जिज्ञासा लागून राहिली. पोलादावरचा जो रंग आपण टणक समजतो, तो हळदीकुंकवापुढे इतका हतबल का व्हावा, आणि नवी गाडी घेणाऱ्यापुढे आज शोरूममध्ये वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक आणि फिल्म अशी जी चार नावे मांडली जातात, त्यांपैकी कोणत्या नावावर त्याने आपला पैसा व भरवसा ठेवावा?

रंगाची रचना प्रथम पाहिली पाहिजे. मोटारीचा सांगाडा कारखान्यात स्वच्छ होऊन त्यावर जस्त-फॉस्फेटाचा संस्कार झाला की तो द्रवरूप रंगाच्या कुंडात बुडवितात आणि विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने पहिला लेप पत्र्याच्या कानाकोपऱ्यांत बसवितात. गंजापासून जे खरे संरक्षण लाभते ते या अदृश्य थराचे. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर ती बिनरंगी पारदर्शक साय, जिला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात आणि डोळ्यांना भावणारी सगळी झळाळी जिच्या पोटी असते. या साऱ्या थरांची मिळून जाडी साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉन, आणि त्यातला सायीचा हिस्सा चाळीसच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. ही पुंजी गाडीबरोबर एकदाच मिळते. तिच्यात भर पडत नाही. गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिश' मारून गेलेली चमक परत आणतात तेव्हा वस्तुतः ओरखड्यांच्या तळाशी पोहोचेपर्यंत आजूबाजूची साय दोन-चार मायक्रॉन खरवडून काढलेली असते. पॉलिश काढून घेते आणि मेण वर घालते, हा मूलभूत भेद, बिलावर दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहिलेले असल्याने, गिऱ्हाइकाच्या ध्यानात क्वचितच येतो.

माझ्या वडिलांच्या पिढीला तो फडक्यावरून कळत असे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली व तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. आमच्या दारात आलेली प्रिया फिकट निळी होती. वडील रविवारी सकाळी पॉलिशचा चपटा डबा उघडून जुन्या धोतराच्या तुकड्याने तिची पुढची ढाल घासू लागले की घटकाभरात तो तुकडा निळा होई. त्या रंगावर पारदर्शक साय नव्हतीच, जे झिजत होते ते थेट रंगद्रव्य होते आणि झिजेचा हिशेब फडक्यावर उमटत होता. आज फडका पांढराच राहतो, झीज मात्र तशीच चालू असते.

आता मेणाकडे येऊ. हा विषय साताऱ्याचा म्हटला तरी हरकत नाही, कारण महाबळेश्वरच्या डोंगरात मधमाशीपालनाचा उद्योग जुना आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. सातेरी माशीच्या पोळ्यातून मध काढून घेतल्यावर जे उरते त्याला संस्कृतात मधूच्छिष्ट असे यथार्थ नाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाचा साचा करून धातूची मूर्ती ओतण्याचा विधी वर्णिला आहे. मूर्ती घडावी म्हणून मेणाने वितळून जायचे, असा तो व्यवहार. मोटारीवर मात्र हाच गुण आड येतो. मधमाशीचे मेण बासष्ट ते चौसष्ट अंश सेल्सिअसला वितळते, आणि वैशाखातल्या दुपारी सांगलीच्या एखाद्या वाहनतळावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे बॉनेट सत्तर अंशांपलीकडे जाऊ शकते. म्हणून मोटारीच्या मेणात प्रतिष्ठा मिळाली ती कार्नौबा या ब्राझीलच्या ईशान्य भागातील ताडाच्या पानांवर जमणाऱ्या मेणाला. ते नैसर्गिक मेणांत सर्वांत कठीण गणले जाते आणि त्याचा वितळबिंदू ब्याऐंशी ते शहाऐंशी अंश. नुसते कार्नौबा चोळणे अशक्य, म्हणून त्यात मऊ मेणे व द्रावके मिसळून डब्यात भरतात. त्याची चमक उबदार, खोल, विशेषतः गडद रंगावर फार शोभिवंत असते. परंतु आयुष्य काही आठवड्यांचे, फार तर दोन-तीन महिन्यांचे, आणि पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात त्याहूनही कमी. एवढ्या अल्पायुषी वस्तूची तसदी का घ्यावी, असे मलाही वाटे. ते मत मिरजेत बदलले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जे कारागीर सतारी आणि तंबोरे घडवितात, त्यांच्या घराण्यांचा मूळ व्यवसाय शिकलगारीचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व जिल्हई देण्याचा. राज्ये गेली, शस्त्रे म्यान झाली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यनिर्मितीकडे हात वळविला, आणि त्या परंपरेतील मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पृष्ठभागाला तेज आणण्याची विद्या पात्यावरून भोपळ्यावर गेली. पंढरपूरकडून आलेला भोपळा आणि लाकडी दांडी यांची जोडणी पुरी झाल्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख कापसाच्या पोटळीवर घेऊन तिचे हात देतात. एक हात, तो सुकेपर्यंत थांबणे, मग दुसरा. बोटांना चिकट लागू लागले की तेलाचा एक थेंब. असे करीत करीत काही दिवसांनी त्या भोपळ्यात खिडकी दिसू लागते. लाखेला पाण्याने पांढरे डाग पडतात, उष्णतेने ती मऊ होते, स्पिरिटच्या थेंबाने उतरते. टिकाऊपणाच्या कसोटीवर ती आजच्या कोणत्याही रंगापुढे उणी. मी हे बोलून दाखविले तेव्हा दुरुस्तीला आलेल्या एका फार जुन्या तंबोऱ्यावरून हात फिरवीत तेथील वृद्ध कारागीर म्हणाले, "पॉलिश झिजायलाच असतं, काका. ते झिजलं तर परत चढवू. लाकूड झिजलं तर तंबोराच गेला." लाखेचा नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून ते वाद्य पिढ्यान्‌पिढ्या न खरवडता नवे करता येते.

मोटारीवरचा लेप निवडताना मी तेव्हापासून हीच कसोटी लावतो: हा थर माझ्या सायीऐवजी झिजणार आहे काय, आणि झिजल्यावर सायीला धक्का न लावता तो पुन्हा चढविता येतो काय?

या कसोटीवर शोरूममधले पहिले आमिष, 'टेफ्लॉन कोटिंग', टिकत नाही. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना अकस्मात लागला. (याच ड्यूपाँने १९२३-२४ च्या सुमारास 'ड्यूको' हा झटपट सुकणारा रंग मोटारींसाठी आणला, आणि आपले सुतार व रंगारी आजही कपाटाला 'ड्यूको मारतो' म्हणतात.) टेफ्लॉनचा वितळबिंदू तीनशे सत्तावीस अंश, तव्यावर तो बसतो तो भट्टीतल्या तापमानाने. मोटारीच्या रंगावर सामान्य तापमानाला फडक्याने चोळलेल्या द्रवात त्याचे कण असले तरी ते तव्यासारखे जखडून बसण्याचा संभव नाही. जो काही गुण येतो तो सोबतच्या मेणाचा वा सिलिकोनचा. माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी विक्रेत्याने पाच वर्षांच्या हमीचा छापील कागद पुढे केला आणि मी, एवढे वाचन पदरी असूनही, त्या दिवसाच्या आनंदात सही केली. काम गाडीतळाच्या उघड्या अंगणात, धुळीत, दोन तासांत उरकले. हमीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत शर्त होती की दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच मोल देऊन गाडी धुऊन घ्यावी, एक मुदत चुकली की करार रद्द. आषाढ संपायच्या आत बॉनेटवर पाणी पूर्वीसारखेच पसरू लागले. नुकसान पैशांचे झाले खरे, परंतु मला अधिक डाचले ते असे की त्या दोन तासांत कोरड्या धुळीवर फिरविलेल्या फडक्याने माझ्या कोऱ्या गाडीवर ओरखड्यांची पहिली जाळी उमटली.

सिरॅमिकचे प्रकरण निराळे आणि अधिक प्रामाणिक आहे. सिलिकावर आधारित हा द्रव रंगावर लावला की हवेतील ओलाव्याच्या योगाने कठीण होत जातो, सायीला घट्ट धरून राहतो, शांपूने निघत नाही आणि नीट लावला तर वर्ष-दोन वर्षे, कधी अधिकही, टिकतो. त्याच्या डबीवर '९ एच' लिहिलेले असते आणि विक्रेते ते काचेच्या, क्वचित हिऱ्याच्या शेजारी नेऊन बसवितात. वास्तविक ही मोजणी पेन्सिलींची आहे: निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली लेपावर ओढायच्या आणि कोणती ओरखडा पाडते ते पाहायचे, ९ एच ही त्या परीक्षेतील शेवटची पेन्सिल. खनिजांची मोह्स श्रेणी वेगळी. आपल्या काळ्या फत्तराच्या भुकटीत फेल्डस्पार असतो, त्याचे स्थान त्या श्रेणीत सहाच्या आसपास. नदीच्या वाळूतील गारेचे सात. एक-दोन मायक्रॉन जाडीचा कोणताही लेप या कणांपुढे फार काळ टिकाव धरील असे मानणे व्यर्थ आहे.

शिवाय पाण्याचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत गावागणिक बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच साताऱ्याच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सिरॅमिकवर पाणी मोत्यांसारखे गोळा होते. पावसाचे असेल तर ते घरंगळून मळ घेऊन जाते. पण जत-आटपाडीकडे बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली तर प्रत्येक मोती जागच्या जागी आटतो आणि चुन्याचे पांढरे वर्तुळ सोडतो. तेथे ज्याला धुतल्याबरोबर गाडी कोरडी करण्याची सवड नाही त्याने महागड्या सिरॅमिकपेक्षा साधे कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणासारखाच चोळायचा रासायनिक लेप, वर्षातून दोन-तीनदा लावावे, हे माझे स्पष्ट मत आहे. डागाळले तर उतरवून पुन्हा लावता येते.

चौथा पर्याय फिल्मचा. दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीचा हा पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा संपूर्ण सायीच्या चौपट जाड. त्याची वंशावळ व्हिएतनाम युद्धातील हेलिकॉप्टरांच्या पात्यांपर्यंत जाते, जेथे वाळूच्या माऱ्यापासून धार वाचविण्याकरिता असा पापुद्रा लावीत. उडत्या खड्यापासून रंग वाचविणारी वस्तू या चौघांत ही एकच. पुणे-बंगळूर महामार्गावर नित्य जाणे असेल, खंबाटकीत खडीच्या डंपरामागे अडकावे लागत असेल, किंवा गळिताच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्यांना घासून गाडी काढावी लागत असेल, जेथे बाहेर आलेली उसाची टोके दारावरून करकरत जातात, तर फिल्मचा खर्च सार्थ आहे. तरी सबंध गाडी मढविण्यास लाखाच्या घरात वा त्यापलीकडे पडते; पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांच्या मुठींमागचे खळगे एवढेच मढविले तरी बहुतेक घाव तेथेच झेलले जातात.

परंतु कोणताही लेप घेतला तरी रंगाचे आयुर्मान ठरते ते रोज सकाळी गाडीवर फिरणाऱ्या हाताने, आणि हे लिहिताना मला कळकळ वाटते, कारण आपल्याकडे कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याचा शिरस्ता स्वच्छतेचे लक्षण मानला जातो. तो फडका म्हणजे पॉलिश-कागदच होय. हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून आलेली बगॅसची काळी राख रात्रीच्या दहिवरात भिजून बॉनेटवर बसते. आंब्याखाली उभी केली तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळताना सायीला आकसून ओढते. या सर्वांवर इलाज एकच: आधी भरपूर पाण्याने भिजवून कण सुटे होऊ देणे, मग शांपूची एक आणि हातमोजा विसळण्याची दुसरी अशा दोन बादल्या घेऊन वरून खाली धुणे, आणि सावलीत मऊ मायक्रोफायबरने टिपून घेणे. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवून पाहावीत. उघड्या हाताला गुळगुळीत भासलेले दार पिशवीतून रव्यासारखे खरखरीत लागते. ते कण क्लेच्या गोळ्याने उचलल्यावाचून वर काहीही लावणे म्हणजे कचरा काचेखाली जपून ठेवणे. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे नव्या गाडीला लेप लावण्यास महिनाभर थांबण्याचे कारण नाही. थांबावे लागते ते डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या भागासाठी.

गेल्या पाडव्याला तिसऱ्या गाडीची पूजा झाली. आदल्या संध्याकाळी मी ती धुतली, क्ले फिरविला, आणि बॉनेटवर कार्नौबाचे दोन हात दिले, मध्ये रात्रीएवढे अंतर ठेवून. समोरच्या बंपरावर फिल्म आहे. बाकी सर्वत्र मेण, कारण आठवड्याची सकाळ तिला देण्याएवढी सवड निवृत्तीने मला दिली आहे. आई आता नव्वदीच्या घरात. तिने थरथरत्या बोटांनी पूर्वीसारखेच स्वस्तिक काढले, आणि हळद सांगलीची घरची दळलेली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या देखत पाणी ओतून हलक्या हाताने ते पुसून घेतले. बॉनेटवर काही उरले नाही. फडका तेवढा पिवळा झाला. तो धुऊन दोरीवर टाकला, आणि हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, त्यामुळे दिवस कलेपर्यंत तोही पांढरा झाला होता.