डोळ्यांना दिसणारा जिवाणू!

दह्यातला लॅक्टोबॅसिलस जेमतेम काही मायक्रोमीटर लांबीचा. आपल्या गालाच्या आतली पेशी साधारण 50-60 मायक्रोमीटर रुंद. आदिकेंद्रकी पेशी लहान, दृश्यकेंद्रकी पेशी मोठी, हे शाळेत शिकलेलं इथे अगदी खरं ठरतं.

पण मग थायोमार्गारिटा मॅग्निफिका बघा! कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर खारफुटीच्या कुजक्या पानांवर पांढऱ्या धाग्यांसारखा वाढणारा हा जिवाणू. एकच पेशी, आणि लांबी सरासरी 1 सेंटिमीटर! सूक्ष्मदर्शकाची गरजच नाही. 2022 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हापासून मी त्याच्या प्रेमात आहे.

जिवाणू सहसा इतके वाढत का नाहीत? पेशीची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की पृष्ठभाग शंभरपट होतो, पण आकारमान हजारपट. अन्न आत झिरपून मध्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. या पठ्ठ्याने तोड काढली: आतली बहुतेक जागा एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली, जिवंत भाग फक्त कडेच्या पातळ थरात. शिवाय त्याचा डीएनए पटलाच्या छोट्या पिशव्यांत असतो, जे जिवाणूंमध्ये फारच दुर्मीळ.

उलट टोकाला ऑस्ट्रिओकॉकस हे शैवाल. केंद्रक, हरितलवक, सगळं असूनही जेमतेम 1 मायक्रोमीटरचं. आपल्या पोटातल्या ई. कोलायपेक्षाही छोटं!